ग्राहक उपलब्ध आहे

जगाच्या पाठीवर कुठलीही वस्तू कुठूनही निघू दे, ती वेळेत न पोचण्याचं शेवटचं आणि सर्वांत भक्कम कारण म्हणजे आमचे इवाई, असं मी दोन वर्षांपूर्वीपर्यंत कुणालाही खात्रीनं सांगितलं असतं. इवाई म्हणजे व्याही, माझ्या लेकीचे सासरे. लेक औरादला दिली आहे. मी भालकीत मुलींच्या एका वसतिगृहाचं कोठार सांभाळते. तांदूळ, तूरडाळ, तेल, साबण, उशांच्या खोळी यांच्या याद्या करणं हा माझ्या पोटापाण्याचा उद्योग आहे आणि घरच्यांच्या मते रोगही. माझ्याकडे उद्या करायच्या कामांची यादी असते, आज राहिलेल्या कामांची असते, आणि कुठली यादी कुठल्या वहीत आहे याचीही एक असते. अशा बाईच्या नशिबी घड्याळ नुसतं किल्ली द्यायला वापरणारे इवाई यावेत, यात कुणाची तरी गंमत असणार.

ते पूर्वी बँकेत शिपाई होते. निवृत्त झाल्यावर घरात बसून सुनेच्या कामात लक्ष घालू लागले, म्हणून सुनेनं त्यांना आपल्याच कामाला लावलं. माझ्या लेकीनं औरादला, आठवडी बाजाराच्या रस्त्यावर एका गाळ्यात, लोकांनी फोनवरून मागवलेल्या वस्तू पोचवायचं केंद्र घेतलं होतं. जावई पहाटे गाडी घेऊन बीदरला जातात आणि माल आणतात, लेक संगणकावर बसते, आणि गावोगावच्या घरी वस्तू नेऊन द्यायचं काम इवायांचं. त्यांच्याकडे मालाचा तीनचाकी ऑटो आहे. त्याच्या मागं त्यांनी मोठ्या अक्षरांत स्वतःचा फोन नंबर लिहिला आहे, आणि खाली बारीक अक्षरांत ‘फोन उचलणार नाही, चालवतोय’.

वस्तू उशिरा का येतात, याची सगळी कारणं इवायांवर ढकलणं अन्यायाचं होईल. मी एकदा वहीचं एक पान त्यासाठीच राखून ठेवलं. पहिलं कारण मला स्वतःलाच भेटलं. मी उदगीरच्या एका दुकानातून लेकीसाठी वाटणयंत्राचा दगड मागवला होता. उदगीर आणि औराद यांत बसनं सव्वा तासाचं अंतर. पण मधे राज्याची हद्द आहे, त्यामुळं तो दगड आधी भिवंडीला गेला, तिथं चार दिवस राहिला, मग हैदराबाद पाहून बीदरला आला आणि अकराव्या दिवशी औरादला पोचला. ट्रक पूर्ण भरल्याशिवाय निघत नाही, हे दुसरं कारण. खोका गोदामात असतो पण संगणकाला तो ट्रकमधे दिसतो, हे तिसरं. पत्त्यात ‘मारुतीच्या देवळाजवळ’ एवढंच असतं आणि गावात मारुती तीन असतात, हे चौथं. मी हे सगळं चिडून सांगत होते. इवाई मात्र त्या दगडाच्या खोक्यावरून हात फिरवत होते, लांबून आलेल्या पाहुण्याच्या पाठीवरून फिरवावा तसा.

“लई फिरलंय बिचारं,” ते म्हणाले. “तुमी कामून रागावायलाव अक्का? उशीर त्येनं केला न्हाई. त्येला कुनी सोडलंच न्हाई.”

त्यांच्या हातात वस्तू आली, की तिच्या उशिराचं पाचवं कारण सुरू होई. लग्नाची पत्रिका वाटावी तसं ते पार्सल वाटत. गावात शिरलं की आधी वडीलधाऱ्यांचं घर, मग त्यांच्या भावकीचं, मग बाकीचे. रस्त्यावरचं पहिलं घर धाकट्या भावाचं असलं, तर त्याच्या दारावरून पुढं जाऊन थोरल्याचं देऊन परत येत. “थोरल्याच्या आदी धाकट्याला दिलं तर मान राहतंय का?” असं विचारत. थोरल्यानं मोबाइलचं कव्हर मागवलेलं असे आणि धाकट्यानं औषध, तरी क्रम बदलत नसे. दारातून हाक मारून वस्तू देणं त्यांना भिकाऱ्याला घालण्यासारखं वाटे. ते आत जात, बसत, पाणी पीत, आणि खोकं उघडून वस्तू नीट निघाल्याचं बघितल्याशिवाय उठत नसत. चपला आल्या तर अंगणात दोन फेऱ्या मारायला लावत. साडी आली तर घरातल्या सगळ्या बायकांनी पदर बघून होईपर्यंत थांबत. एका घरी कुकर दिला तेव्हा तीन शिट्ट्या होऊन वाफ जाईपर्यंत बसले, आणि डाळ शिजली आहे हे बोटानं दाबून पाहिल्यावरच त्यांनी फोनमधलं ‘पोचले’ हे बटण दाबलं. लेक सांगते की त्या दिवशी त्यांच्या पाठीमागं ऑटोत एकोणीस पार्सलं उन्हात बसून होती.

सहावं कारण तर त्यांनी स्वतःच्या हातांनी पेरलेलं होतं. वस्तू देताना गिऱ्हाइकाच्या फोनवर चार आकडी ओटीपी येतो, तो सांगितल्याशिवाय यंत्र ‘पोचले’ म्हणत नाही. आता गंमत अशी, की बँकेतल्या शेवटच्या वर्षी साहेबांनी इवायांना भोंगा लावलेल्या ऑटोत बसवून गावोगाव फिरवलं होतं. ‘ओटीपी कुनालाबी सांगू नगा. सख्ख्या भावाला सांगू नगा. बँकेतनं बोलतो म्हनला तरी सांगू नगा.’ तीन महिने ते हेच ओरडत होते, आणि त्यांचा आवाज असा, की पाटाचं पाणी थांबून ऐकावं. तालुक्यानं ते इतकं मनावर घेतलं, की आता खुद्द त्यांनाच कुणी ओटीपी सांगेना. एका म्हातारीनं फोन पदराखाली लपवून विचारलं, “तुमीच म्हनलाव न्हवं, सख्ख्या भावालाबी सांगू नगा म्हनून? मग तुमी कोन लागून गेलाव?”

दुसरा कुणी वैतागला असता. इवाई खूश झाले. “ध्यानात ठिवलीस माय, लई ब्येस केलीस,” म्हणाले. मग त्यांनी स्वतःचा फोन तिच्या हातात दिला, तिच्याकडं पाठ केली, डोळेही मिटले आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. म्हातारीनं एक एक आकडा शोधून दाबेपर्यंत पाव तास गेला. तेव्हापासून तीच पद्धत पडली. औराद तालुक्यात कुणी भिंतीकडं तोंड करून डोळे मिटून उभा दिसला, तर समजावं की आत कुणाच्या तरी घरी पार्सल आलं आहे.

हे सगळं हसण्यावारी चाललं असतं. पण दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरात, कंपनीकडून लेकीला कागद आला. तिच्या केंद्राचा उशीर फार झाला आहे. पुढचे पंधरा दिवस रोज संध्याकाळी सहाला यादी तपासली जाईल. पोचलेलं पार्सल यादीत हिरवं दिसतं. ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असं बटण दाबलं तर पिवळं. दोन्हींतलं काहीच नाही, तर तांबडं. पंधरा दिवसांत एक जरी तांबडी रेघ दिसली, तर औरादचं केंद्र बंद आणि तिथलं काम बीदरला. लेकीनं त्या गाळ्यासाठी स्वतःच्या अंगावरचं मोडलं होतं. सासरी पाय रोवून उभी राहिलेली ती पहिलीच सून होती. तिनं मला फोन केला तेव्हा रडली नाही, नुसतं म्हणाली, “आई, तुझी वही घेऊन ये.”

मी रजा टाकली आणि गेले. पहिल्या संध्याकाळी इवायांना समोर बसवून यादी वाचली. चहा बंद, पाणी उभ्यानं, कुकरच्या शिट्ट्या गिऱ्हाइकानं आपल्या आपण मोजायच्या, रस्त्यात आधी येईल ते घर आधी. ते ऐकत होते. सून दाराशी उभी होती. तिच्याकडं एकदा बघून म्हणाले, “व्हय. लेकरासाठी करतो.”

“आणि कुणी घरी नसेल तर पिवळं बटण दाबायचं,” मी म्हणाले. “सगळीकडं तेच करतात. त्यानं तांबडं होत नाही.”

“ते जमायचं न्हाई, अक्का.”

“का?”

“मानूस घरी न्हाई म्हंजे गावातच न्हाई असं अस्तंय का? बघावं लागतंय.”

आपण उद्या बघू असं मनात म्हणून मी ते कलम सोडून दिलं. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्याबरोबर जाऊ लागले. इवायाच्या शेजारी पुढच्या सीटवर विहीणबाईनं बसणं बरं दिसत नाही, म्हणून मी मागं, पार्सलांमधे, एका स्टुलावर बसे. मांडीवर वही, गळ्यात दोरीनं पेन. इवायांना सगळा तालुका अण्णा म्हणतो, त्यामुळं गावातली पोरंसोरं ‘अण्णानं बाई मागवली’ म्हणून ऑटोमागं पळत. चौदा दिवस आम्ही असे फिरलो. इवायांनी शब्द पाळला, पण त्यांचे हाल बघवत नव्हते. ते उंबऱ्याबाहेर उभे राहून वस्तू देत आणि लगेच वळत. मग चार पावलं गेल्यावर मान वळवून, अपराध्यासारखं विचारत, “बसलं का मापाला?” चौदा दिवस यादी हिरवी राहिली. घरी नसलेल्या प्रत्येकाला त्यांनी चावडीवरून, दवाखान्यातून, न्हाव्याच्या खुर्चीतून शोधून काढलं. एकाच्या निम्म्या दाढीला साबण होता, त्यानं तशाच हातानं ओटीपी दाबला.

पंधराव्या दिवशी येळवस आली.

ज्यांनी आमच्याकडची येळवस पाहिली नाही त्यांना एवढंच सांगते, की त्या अमावस्येला अख्खी गावं रानात जातात. घराला कुलूप, दुकानाला कुलूप. शेतात कडब्याची कोप करून तिच्यात पूजा मांडतात, आणि मग शेंगा-पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, भाकरी, बाजरीचे उंडे, खीर आणि मडकंभर ताकातली आंबील. त्या दिवशी शेतावरून जाणाऱ्या कुणालाही हाक मारून जेवायला बसवायचं असतं आणि हाक आली की नाही म्हणायचं नसतं. त्या सकाळी जावयांनी बीदरहून चौतीस पार्सलं आणली. चौतीस घरं, चौतीस कुलपं.

मला तर सुटल्यासारखं झालं. “अण्णा, आज तर खोटं बोलायचंही नाही,” मी म्हणाले. “खरोखरच कुणी घरी नाही. चौतीस वेळा पिवळं दाबा, पंधरा दिवस संपले, केंद्र राहिलं. पार्सलं उद्या देऊ. आपणही शेतात जाऊ.”

इवायांनी फोन लांब धरून ते बटण वाचलं. “घरी न्हाईत हे खरं हाय,” म्हणाले. “पन हितं लिवलंय, उपलब्ध न्हाई. हे सगळे उपलब्ध हायत की, अक्का. ह्यो हाय वढ्याच्या पल्याड. ह्यो दर्ग्याच्या मागच्या रानात. ह्येची बैलगाडी सकाळी मी सोता बघितलो. कोन कुटं हाय ते मला ठाव असून गावला न्हाई म्हनू?”

“एका दिवसाचा प्रश्न आहे.”

“व्हय. म्हनून तर एक दिवस फिरू.”

लेक आत संगणकापाशी होती. तिनं दोघांकडं बघितलं आणि मान पुन्हा संगणकात घातली. सासऱ्यांना तिनं कधी उलटून बोललेलं मी पाहिलेलं नाही.

तर आम्ही निघालो. मी एक नवा नियम केला, एक घास आणि एक घोट. हाक आली की बसायचं नाही, उभ्यानं एक घास घ्यायचा, आंबिलीचा एक घोट घ्यायचा, ओटीपी घ्यायचा आणि पुढं. पहिल्या दहा शेतांपर्यंत तो छान चालला. पण एक एक करत चौतीस घास आणि चौतीस घोट म्हणजे काय, याचा मी हिशेब केला नव्हता. प्रत्येक घरची भज्जी वेगळी, आणि प्रत्येक बाईचं म्हणणं एकच, की मागच्या शेतात खाल्लं तेवढं तरी आमच्यात खा. दुपारी दोनला मी स्टुलावर पोट धरून बसले होते. इवाई मात्र ज्या वाटांना वाट म्हणता येणार नाही त्यांवरून ऑटो घालत होते. कुठल्या भावकीचं रान कुठं संपतं, कुणी यंदा कोप बांधाच्या अलीकडं केली असेल, कुणाचं भावाशी वाजलंय म्हणून तो सासऱ्याच्या शेतात गेला असेल, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. बीदरच्याच काय, भिवंडीच्या संगणकातही यातलं काही नसणार. चौतीस कुलपांमागची माणसं त्यांनी एकेक करून रानातून काढली. तुरीच्या ओळींतून बायका ओरडत, “अण्णा आला, पार्सल घेऊन आला,” आणि इवाई भिंत नसल्यामुळं बाभळीकडं तोंड करून डोळे मिटत.

साडेपाच वाजायला आले तेव्हा चार राहिली होती. त्यांतलं एक रस्त्याच्या टोकाला, एका म्हाताऱ्या जोडप्याचं. त्यांच्या पुण्याच्या लेकानं गुडघ्यांना शेक द्यायचं यंत्र पाठवलं होतं. उरलेली तीन शेतं ओढ्यापलीकडं, अगदी लागून. मी हिशेब केला, इथं पाच मिनिटं, तिथं पंधरा. जमत होतं.

म्हातारा कोपीच्या तोंडाशी बसला होता. म्हातारीनं आमच्याकडं बघितलं आणि ती उठून उभीच राहिली. पंधरा-वीस माणसांचं अन्न झाकून ठेवलेलं. आंबिलीचं मडकं गळ्यापर्यंत भरलेलं. एकही पत्रावळ उष्टी नव्हती.

“सकाळधरनं कुनीच आलं न्हाई बघ,” ती म्हणाली. “ह्यांचं आडरान. लेकरानं येतो म्हनला, पन रजा न्हाई गावली त्येला. मशीन धाडलाय म्हन.”

“आलाव न्हवं आमी,” इवाई म्हणाले. त्यांनी पार्सल म्हाताऱ्याच्या हातात दिलं, बाभळीकडं तोंड करून ओटीपी दाबून घेतला, फोन ऑटोत टाकला आणि मला वाटलं, आता घास घेतील. ते घागरीतलं पाणी घेऊन हात धुऊ लागले. पायसुद्धा धुतले. मग मांडी घालून बसले.

“अण्णा,” मी म्हणाले.

“बसा, अक्का. तुमीबी.”

“पाच पस्तीस झालेत.”

“व्हय,” ते म्हणाले. “वाढ माय, काय केलीस?”

मला त्यांचा राग आला, हे कबूल करते. समोर म्हातारी वाढत होती आणि डोळ्यांपुढं लेकीचा गाळा होता. इवाई जेवत होते, निवांत, प्रत्येक पदार्थाचं नाव विचारत, दुसऱ्यांदा भज्जी मागत, जणू सकाळपासून उपाशी आहेत. आज एकतिसाव्या वेळी ते जेवत होते हे त्या म्हातारीला शेवटपर्यंत कळलं नाही. म्हातारा हळूहळू बोलता झाला. इवायांचा फोन ऑटोच्या पुढच्या सीटवर पडलेला होता. सहाला सात मिनिटं होती. मी हात धुण्याच्या निमित्तानं उठले, फोन घेतला, कोपीच्या मागं गेले आणि राहिलेल्या तीन नावांपुढं ते बटण दाबलं. ग्राहक उपलब्ध नाही. ग्राहक उपलब्ध नाही. ग्राहक उपलब्ध नाही. ओढ्यापलीकडून त्या तीन शेतांतल्या माणसांचं हसणं मला तिथं उभ्या उभ्या ऐकू येत होतं.

सहा वाजून गेल्यावर इवाई उठले. ऑटोपाशी येऊन त्यांनी फोन बघितला. तीन पिवळ्या रेघा बघितल्या. मी काहीतरी बोलायच्या तयारीत होते, पण त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. त्यांनी ऑटो सुरू केला आणि ओढ्यात घातला. तिन्ही शेतांत ते स्वतः उतरून गेले. तिन्ही ठिकाणी मी मागं बसून तेच वाक्य ऐकलं, “मशिनीत तुमी गावला न्हाईत म्हनून पडलंय. चूक माजी हाय. मनाला लावून घिऊ नगा.” लोकांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी पार्सल घेतलं आणि आंबील दिली.

केंद्र राहिलं. अजून आहे, चांगलं चाललं आहे. लेकीला मी सगळं सांगितलं, तिनं माझा हात धरला आणि तो विषय संपवला. इवायांनी त्यावर आजवर एक शब्द काढलेला नाही, मला नाही, सुनेला नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फोन बरोबर न्यायचं सोडलं. आता पार्सल दिलं की गिऱ्हाईक इवायांच्या शब्दावर स्वतः केंद्रावर फोन करून सुनेला आकडे सांगतं, आणि ती बटण दाबते. संध्याकाळी परत आल्यावर ते पाय धुतात, चहा घेतात आणि एकच विचारतात, “आज कोन गावलं न्हाई?” कुणी असेल, तर चप्पल पुन्हा पायात घालतात.

मागच्या महिन्यात भालकीत मी एक वजनकाटा मागवला होता. रविवार होता, मी दिवसभर घरात, दार उघडं टाकून याद्या करत बसले होते. संध्याकाळी फोनवर निरोप आला, की ग्राहक उपलब्ध नाही. तक्रार करायला मी नंबर काढला आणि थोड्या वेळानं ठेवून दिला. लेकीशी बोलताना सहज सांगितलं, हसायला म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात इवाई उभे. औरादहून भालकीला यायला दोन बस बदलाव्या लागतात. हातात काही नव्हतं. माझं पार्सल त्यांच्या केंद्राचंही नव्हतं. ते आत आले, बसले, पाणी प्यायले.

“काय काम काढलंत अण्णा?” मी विचारलं.

“काम न्हाई,” ते म्हणाले. “तुमी हायव का बघून जावं म्हनलं.”

मग त्यांनी चहा घेतला. मी घड्याळाकडं पाहिलं नाही.